विनीत सोरगतीक गेलो

सेलिनाचा माणसांपेक्षा शब्दकोशावर जास्त विश्वास. परळच्या एका जाहिरात कंपनीत ती मराठी मजकूर तपासायची आणि तिच्या मोबाइलवर एक सोडून तीन ऑनलाइन शब्दकोश होते. माहीमला घरी तिने वडिलांच्या, म्हणजे सॅम्युअलच्या, फोनवरही तेच तीन घालून दिले होते. शेजारच्या खुर्चीवरचा विनीत तिला चिडवायचा, "सगळेच शब्द कोशात नसतात गं. काही आमच्या करी रोडच्या चाळीतच राहतात."

हा विनीत तिला भारी आवडायचा. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! काल निघताना तोच दारात घुटमळला आणि म्हणाला, "उद्या मी सुट्टीवर आहे. परवा तुझ्याशी एक बोलायचंय." झालं! बाईसाहेबांची झोप उडाली. परवापर्यंत दम कुठला निघायला? आज ऑफिसात येऊन टेकते न टेकते तोच तिने मेसेज टाकला, "कुठे आहेस?"

उत्तर आलं ते विनीतच्या वडिलांचं, धोंडूकाकांचं. अस्सल मालवणीत. "मी तेचो बापूस. विनीत सकाळीच सोरगतीक गेलो. फोन घराकच रवलो."

विनीतच्या शेजारी बसून सेलिनाला मालवणी बरीच कळू लागली होती. अडला तो एकच शब्द. पहिल्या कोशाने हात वर केले, दुसऱ्यानेही. तिसरा मात्र अतिशहाणा निघाला. 'सोरगती' सापडला नाही. तुम्हाला 'स्वर्गगती' म्हणायचे आहे का? अर्थ: स्वर्गास जाणे, मृत्यू.

सेलिनाने मेसेज पुन्हा वाचला. विनीत सकाळीच स्वर्गाला गेला. फोन घरीच राहिला. तिने हंबरडाच फोडला.

"फोन राहणारच ना गं," मॅनेजर रुपालीमॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "तिकडे कुठे नेता येतो!" त्यांनी नंबर लावून पाहिला तर बंद. बॅटरी संपली असेल, हे अशा वेळी कोणाला सुचतं? पांढऱ्या फुलांचं चक्र आलं, त्यावर 'विनीतला अखेरचा निरोप' अशी पट्टी चढली. पट्टीचं शुद्धलेखन सेलिनाने रडत रडत तपासलं आणि दोघी टॅक्सीत बसल्या.

चाळीच्या गॅलरीत खुर्च्या मांडलेल्या, दाराशी शेजाऱ्यांच्या चपलांचा ढीग. शंकेला जागाच उरली नाही. विनीतची आई, शांताकाकू, लगबगीने पुढे आल्या. "या गो, या. हार केवढो आणलात!" चष्मा नव्हता, म्हणून पट्टी न वाचताच त्यांनी ते चक्र दारावरच्या खिळ्याला अडकवलं.

"काका, कसं झालं हो अचानक?" रुपालीमॅडमनी धोंडूकाकांना विचारलं.

"अचानक खयचा? तो जावक तयारच नव्हतो. आवशीन बळेच धाडल्यान."

सेलिनाने घाबरून शांताकाकूंकडे पाहिलं.

"नेलं कोणी?"

"चार माणसां घेवन गेली. माझो गुडघो धरलो, म्हणान मी रवलंय."

तेवढ्यात काकू शिऱ्याच्या वाट्या घेऊन आल्या. "तोंड गोड करा. ह्येचा एकदा मार्गी लागला, की धाकट्याचा बघूचा."

आता मात्र सेलिनाचा बांध फुटला. "काकू, काय बोलता! मला त्याच्याशी लग्न करायचं होतं हो! सांगायचं राहूनच गेलं. आता कोणाला सांगू?"

"मला सांग की," दारातून आवाज आला. चक्रावरची पट्टी हातात धरून विनीत उभा होता. "आणि हा अखेरचा निरोप मला कोणी दिला?"

रुपालीमॅडम मटकन बसल्या त्या नेमक्या शिऱ्याच्या वाटीवर. सेलिनाला धड रडताही येईना आणि हसताही. "तू... तू स्वर्गात गेला नाहीस?"

"भायखळ्याला गेलेलो. मुलगी बघायला."

"सोरगत म्हणजे थळ गो, चेडवा!" धोंडूकाकांनी कपाळावर हात मारला. "लग्नाचा थळ!"

"आणि मी तिथे 'नाही' सांगून आलोय," विनीत खालच्या आवाजात सेलिनाला म्हणाला. "उद्या तुला लग्नाचंच तर विचारायचं होतं."

शांताकाकूंची नजर सेलिनाच्या गळ्यातल्या क्रॉसवर गेली, तिच्या सुजलेल्या डोळ्यांवर आली, मग पोराच्या चेहऱ्यावर जाऊन थांबली. सेलिनाने क्रॉस मुठीत धरला. इथून 'नाही' आलं तर कुठला कोश मदतीला येणार?

"माशे खातंस मा गो?" काकूंनी विचारलं.

"माहीमचा चेडू ता!" धोंडूकाका भडकले. "माशे काय इचारतंस?"

काकूंनी पदराने सेलिनाचे डोळे पुसले आणि शिऱ्याची वाटी तिच्या हातात दिली. काका म्हणाले, "फुकट रडवलंव चेडवाक. बापसाक कळव, उद्या आमी दोघां तुमच्याकडे सोरगतीक येतंव."

सेलिना इतकी खूश झाली की जन्मात पहिल्यांदा तिने मेसेज न तपासता पाठवला. "डॅडा, विनीतचे आईबाबा उद्या आपल्याकडे सोरगतीला येतायत!"

पलीकडे डॅडाने तिन्ही कोश उघडून पाहिले. मग सॅम्युअलचं उत्तर आलं.

"अरे देवा! दोघंही? पण त्यासाठी आपल्याच घरी कशाला?"