साइमीचा बिनसाखरेचा केक

लेकीच्या लग्नाला तासभर उरला होता आणि ताउनो चर्चच्या दारापासून वेदीपर्यंतची पावलं तिसऱ्यांदा मोजत होता. बावन्न. तीन आठवडे झाले, त्याच्या पोटाचा वीस पावलांपलीकडे भरवसा नव्हता. साइमीचा हात सोडून मध्येच पळावं लागलं, तर तिच्या लग्नाची शोभा व्हायची.

मधुमेह निघाल्यापासून हे लचांड मागे लागलं होतं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "पोट कसंय?" ताउनो म्हणाला, "बरंय." फिनलंडचा माणूस अंगावर झाड पडलं तरी एवढंच सांगतो.

नुसत्या विचारानं कळ आली. तो चर्चमागच्या जुन्या लाकडी संडासाकडे धावला. आत शेजारी शेजारी दोन बैठका, आणि एकीवर काळ्या कोटातले व्याही, वेइक्को! आजवर दोघांत चार शब्द झाले असतील. पण आता भीड धरायला वेळ कुठे होता?

वेइक्को म्हणाले, "साखर आहे?"

"हो. कसं ओळखलंत?"

"खिशातनं पाकीट डोकावतंय. बिनसाखरेची चॉकलेटं. किती खाता?"

"दिवसाला दोन पाकिटं. साइमी आणून देते, प्रेमानं. साखर नसते ना!"

"जास्त खाल्ली की जुलाब होतात. पाकिटामागं लिहिलंय की! मलाही साखर आहे. दोन महिने धावलो, मग नर्सनं ही चॉकलेटं सोडायला लावली."

"मग आज इथं कसे?"

"मुलाचं लग्न आहे. घाबरलोय."

ताउनोला हसू आवरेना. पाकीट त्यानं तिथंच खाली खड्ड्यात सोडलं. पोटात आता काही उरलंच नव्हतं. बावन्न पावलं निर्विघ्न पार पडली. वेइक्को तेवढा वेळ चर्चचं दार उघडं धरून उभे होते.

जेवणाच्या वेळी ताउनोनं तरीही दाराजवळचीच खुर्ची पकडली. साइमी ताटलीत केक घेऊन आली.

"बाबा, खास तुमच्यासाठी केलाय! साखरेचा कण नाही. त्या चॉकलेटांत साखरेऐवजी असते ना, तीच पूड घातलीय."

ताउनो घामाघूम झाला. लेकीचं मन आज कसं मोडायचं?

"सूनबाई, इकडे आण," वेइक्को म्हणाले. "साखर मलाही आहे. माझ्यासाठी कोण करतंय केक?"

त्यांनी अख्खा केक मान वर न करता संपवला.

"कसा झालाय?" साइमीनं विचारलं.

"बरंय."

असा व्याही मिळायला भाग्य लागतं. ताउनोचे डोळे भरून आले. तो उठला आणि दाराजवळची खुर्ची त्यानं वेइक्कोंना दिली.