केरबाच्या सात काठ्या

एका जंगलात एक डोह होता आणि डोहात मासे होते. मुलांनो, एवढे नीट लक्षात ठेवा. गोष्टीतल्या मंडळींच्या ते लक्षात राहिले नाही.

मासे दोन जातींचे. एक मरळ. ती काठालगतच्या पाणगवतात दबा धरते आणि धाड घातल्यासारखी आमिषावर येते. दुसरा शिवडा. तो खोल पाण्यात, तळाशी. आमिष ओठात धरतो आणि विचार करतो. पटले तर गिळतो.

डोहाकाठी अस्वले राहत. त्यांच्यात एक रीत होती. नवऱ्या मुलाने स्वतः धरलेला मासा मुलीच्या बापाच्या उंबऱ्यावर आणून ठेवायचा. मासा जिवंत हवा. त्याने उंबऱ्यावर शेपटी आपटली की लग्न ठरले. मासा कुठला, कसा धरला, हे कोणी विचारत नसे. पाणी होते, पंजा होता. विचारायचे काय?

केरबा नावाच्या तरुण अस्वलाला साळू आवडत होती. साळूलाही केरबा आवडत होता. साळूचा बाप तात्याबा. तो दिवसभर गुहेबाहेरच्या ओट्यावर बसून असे. चैत्री पौर्णिमेला केरबा त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

तात्याबा म्हणाला, "पुढच्या पौर्णिमेला सकाळी मासा आण. नाही आणलास तर पलीकडच्या डोंगरावरचा मसू तयार आहे. त्याचा निरोप आलाय."

मसूचे नाव ऐकून साळूने नाक मुरडले. मसूचा एक कान फाटलेला होता. आणि तो जेवताना फार आवाज करी.

ती केरबाला म्हणाली, "महिना कशाला? आत्ता जा. जेवायच्या आत परत ये."

केरबा निघाला. तो सरळ डोहावर गेला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हाला खेळायला जाता आले असते. पण वाटेत जांभळीचे झाड होते. झाडावर सदोबा माकड होते.

सदोबाला पोहता येत नव्हते. पाण्याची त्याला भीती वाटे. डोहाच्या जवळ तो जन्मात गेला नव्हता. म्हणून मासेमारीचे त्याला सगळे माहीत होते.

"कुठे निघालात, केरबा?"

"मासा धरायला."

"कशाने?"

केरबाने पंजा वर करून दाखवला.

सदोबा हसला. मोठ्याने नाही. मोठ्याने हसला असता तर केरबाने त्याला झाडावरून खाली ओढले असते. तो इतके थोडे हसला की केरबाने पंजा पाठीमागे लपवला.

"पंजाने? या दिवसांत? अहो, सासरे काय म्हणतील?"

"त्यांनीही पंजानेच धरला होता."

"म्हणूनच ते अजून ओट्यावर बसलेत."

याला काही अर्थ नव्हता. पण केरबा विचारात पडला.

"मग काय करू?"

"काठी घ्या. दोरी, गळ, आमिष आणि काठी. बाकीचे कोणीही देईल. काठी मात्र निवडावी लागते. मरळ धरायची की शिवडा?"

"कुठलाही चालेल."

"कुठलाही नावाचा मासा नसतो, केरबा."

सदोबाने फांदीवरून बांबूच्या दोन काठ्या खाली सोडल्या. एक कळकाची, एक चिव्याची.

"ही वाकवा. कुठे वाकते?"

"शेंड्याला."

"नुसती शेंड्याला. खाली ताठ. ही मरळीची. मरळ लागली की तिला गवतात शिरू द्यायचे नाही. एक हिसका आणि बाहेर. आता ही वाकवा."

"ही मधेच वाकते."

"कमरेत वाकते म्हणा. ही शिवड्याची. शिवडा आमिष ओठात धरतो. काठी ताठ असेल तर त्याला लगेच कळते, सोडून देतो. काठी मऊ असेल तर त्याला वाटते, सगळे आपल्याच मनासारखे चाललेय."

"आणि लांबी किती घ्यायची?"

"लांबीचे उद्या."

मुलांनो, सदोबाचा एक शब्दही खोटा नव्हता. खोटे बोलणाऱ्याचा निदान कंटाळा येतो. खरे बोलणाऱ्याच्या झाडाखाली महिना जातो.

दुसऱ्या दिवशी लांबीचे झाले. खडकावर उभे राहून लांब फेकायचे तर काठी आठ हात. झाडाखाली वाकून बसायचे तर चार हात, नाहीतर शेंडा फांद्यांत अडकतो. तिसऱ्या दिवशी वाऱ्याचे झाले. चौथ्या दिवशी कळले की चार हाताची काठी शेंड्याला वाकणारी निराळी आणि कमरेत वाकणारी निराळी. केरबाने त्या दोन्ही घेतल्या. प्रत्येक काठीमागे तो मधाचे एक पोळे देई. सदोबा जाड होत गेला. केरबा बारीक होत गेला. काठ्या सात झाल्या.

मग सराव सुरू झाला. डोहावर नाही. माळावर. तिथे एक वाळका खुंट होता. केरबा वीस पावलांवरून गळ फेकी आणि खुंटाला बरोबर अडकवी. दहातून नऊ वेळा. अडकलेला खुंट एकदाही निसटला नाही.

बघायला गर्दी जमू लागली. ससे आले, भेकरे आली. आठवड्याभरात मंडळ स्थापन झाले. दुसऱ्या आठवड्यात मंडळात दोन तट पडले. एक शेंडेवाले, एक कमरवाले. शेंडेवाल्यांचे म्हणणे, खरी काठी शेंड्याला वाकते. कमरवाल्यांचे म्हणणे, शेंड्याला तर गवताचे पातेही वाकते. शेंडेवाल्यांचा पुढारी रानडुक्कर. तो मासा खात नसे. कमरवाल्यांचा पुढारी हरीण. तेही खात नसे. म्हणून दोघांची मते फार ठाम होती. पाणवठ्यावर एकमेकांशी बोलणे बंद झाले.

एकदा साळिंदराने सभेत विचारले, "आतापर्यंत मासे किती मिळाले?"

त्याला सभेतून बाहेर काढले. विषय काठीचा चालला होता.

पौर्णिमेला पाच दिवस उरले तेव्हा साळू माळावर आली. केरबा खुंटाशी होता.

"केरबा, चल डोहावर."

"आत्ता नको. वारा आडवा आहे."

"वारा राहू दे. पाच दिवस राहिलेत. बाबा मसूला हो म्हणतील. मग काय करशील? खुंटाशी लग्न लावशील?"

साळू जाईल हे केरबाच्या डोक्यात इतक्या दिवसांत आलेच नव्हते. डोक्यात जागा नव्हती.

"चल," तो म्हणाला.

पण सात काठ्या एकदम नेता येईनात. एक निवडायची होती. निवडता निवडता ऊन डोक्यावर आले. शेवटी त्याने शिवड्याची काठी उचलली.

डोहावर पोचून केरबा खडकावर उभा राहिला. साळू काठावर बसली. थोड्या वेळाने पाणगवत हलले. गवतातून एक मरळ बाहेर आली. हातभर लांब. ती केरबाच्या पायाशी येऊन थांबली. वर तोंड काढून तिने श्वास घेतला. मरळ तसे करते.

"केरबा! मरळ! पायाशी!"

"दिसतेय."

"मग धर की!"

"धरू कशी? हातात शिवड्याची काठी आहे."

"पंजा घाल!"

"काठी असताना?" केरबाला धक्का बसला. "तू हिच्यावर लक्ष ठेव. मी तिची काठी घेऊन आलो."

आणि तो धावत सुटला.

मरळ थोडा वेळ थांबली. नाही असे नाही. मग गवतात गेली.

केरबा धापा टाकत परत आला. आता हातात मरळीची काठी. त्याने गळ टाकला. तो गवतावरून सरकून खोल पाण्यात पडला. दोरी ताणली गेली. केरबाने एक हिसका दिला. खुंटावरचा सराव वाया जात नाही, मुलांनो. मासा खडकावर येऊन पडला. चांगला मोठा, चंदेरी, लांब मिशांचा.

साळू टाळ्या पिटत उठली. "लागला! केरबा, लागला! चल, बाबांकडे चल!"

केरबाने वाकून माशाकडे पाहिले. मग काठीकडे पाहिले. पुन्हा माशाकडे पाहिले.

"हा शिवडा आहे," तो म्हणाला.

"असू दे ना!"

"काठी मरळीची आहे."

"मग?"

"मग काय? ही काठी याच्यासाठी नाही. याने लागायलाच नको होते. उद्या मंडळात कोणी विचारले, शिवडा शेंडेवाल्या काठीने धरलास का, तर काय सांगू? तोंड कसे दाखवू?"

त्याने एका पंजाने मासा घट्ट दाबून धरला. दुसऱ्या पंजाने अलगद गळ सोडवला. आणि मासा पाण्यात सोडून दिला.

साळू खाली बसली. मग म्हणाली, "पंजाने धरला होतास, केरबा. हातात होता."

"पण बरोबर काठीने नव्हता ना," केरबा म्हणाला.

साळू एकटीच घराकडे निघाली. ओढ्याच्या वळणावर तिला कोणीतरी मचमच करताना ऐकू आले. मसू होता. गुडघाभर पाण्यात उभा राहून मासा खात होता.

तिला पाहून तो खायचा थांबला. "खाणार?" त्याने विचारले आणि अर्धा मासा पुढे केला. डोक्याकडचा नाही. पोटाकडचा.

साळूने घेतला. मसूचा आवाज मोठाच होता. पण तो आवाज मासा खाण्याचा होता. माशावर बोलण्याचा नव्हता.

पौर्णिमेची सकाळ झाली. केरबा तात्याबाच्या ओट्यासमोर येऊन उभा राहिला. खांद्यावर सात काठ्यांची बांधलेली मोळी.

"मासा?" तात्याबाने विचारले.

"आणला नाही, तात्या. पण का आणला नाही ते सांगतो."

"सांग."

केरबा सांगू लागला. मरळीचे सांगितले. शिवड्याचे सांगितले. तात्याबा डोळे मिटून ऐकत होता. मग त्याने एक डोळा उघडला.

"ती चिव्याची इकडे दे बघू."

त्याने काठी हातात घेऊन वाकवली. पुन्हा वाकवली.

"ही मधेच का वाकते?"

"कमरेत वाकते, तात्या. शिवड्याची आहे."

"काही सांगू नकोस. काठी शेंड्याला वाकावी. आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी काठी नव्हती, तात्या."

"नव्हती. पण असती तर शेंड्याला वाकली असती!"

एवढ्यात मसू आला. अंगावरून पाणी निथळत होते. त्याने तोंडातली मरळ उंबऱ्यावर ठेवली. मरळीने शेपटी आपटली. फट्. पुन्हा आपटली. फट्.

साळू दारात उभी होती. तिने ऐकले. तात्याबा काठी वाकवत होता. त्याने ऐकले नाही.

"बाबा," साळू म्हणाली, "मासा आलाय."

तात्याबाने मान वर केली. मसूकडे पाहिले.

"काठी कुठली?"

"काठी नाही. पंजा घातला," मसू म्हणाला.

"नुसता पंजा?"

"हो. पाण्यात मासा होता."

तात्याबाने कपाळाला हात लावला. "ऐकलेस, केरबा? पाण्यात मासा होता म्हणे. याला माशातले काय कळते? अरे, जावई असावा तर तुझ्यासारखा. चार गोष्टी बोलायला तरी येतात. जा, मुलगी तुला दिली."

केरबा दाराकडे वळला.

दारात कोणी नव्हते. उंबऱ्यावर मासा नव्हता. शेपटी आपटलेली ओली खूण तेवढी होती. उन्हाने तीही वाळत आली होती.

पलीकडच्या डोंगराच्या वाटेवर दोन अस्वले चालली होती. एकाच्या तोंडात मासा होता. दुसरी त्याच्या फाटक्या कानात काहीतरी सांगत होती.

केरबाने खांद्यावरची मोळी खाली टाकली. धावण्यासाठी पाऊल उचलले. वाट लांब नव्हती. धावला असता तर वळणावर गाठ पडली असती.

तात्याबाने त्याचा पंजा धरला.

"बस रे. येईल ती, जाते कुठे? मला एक सांग. वारा आडवा असेल तर कुठली काठी घ्यायची?"

केरबाने वाटेकडे पाहिले. मग तात्याबाकडे पाहिले. इतक्या कळकळीने आजवर त्याला कोणी काही विचारले नव्हते.

"वारा आडवा असेल तर, तात्या," तो म्हणाला आणि ओट्यावर बसला.

ते दोघे अजून तिथेच आहेत. तात्याबा शेंडेवाला झाला, केरबा कमरवाला. रोज सकाळी भांडण होते. दुपारी सदोबा येतो, दोघांचेही बरोबर आहे म्हणतो आणि आणखी एक काठी देऊन जातो. केरबाला बायको मिळाली नाही. सासरा मिळाला.

तात्पर्य : मासा काय, कोणालाही मिळतो. लग्न काय, कोणाचेही होते. त्याला पंजा पुरतो. पण ज्याला सात काठ्यांची पारख आहे त्याला ओट्यावर जागा मिळते, आणि तिथून त्याला कोणी उठवत नाही. तेव्हा मुलांनो, पाण्याकडे जायची घाई करू नका. आधी काठी निवडा. आणि पंजे पाठीमागे ठेवा. लोक बघतात.