भोयर सरांचा तास कसा काढावा

शिक्षक हा शिक्षणातला एक घटक आहे. फळा, खडू, पंखा, पाण्याची टाकी आणि वर्गाचा मागचा दरवाजा हे इतर घटक होत. यांपैकी एखादा घटक चालत नसला तरी शिक्षण थांबत नाही, हे पंख्याच्या बाबतीत सर्वांनी केव्हाच मान्य केले आहे. शिक्षकाच्या बाबतीत मात्र उगाच आरडाओरडा होतो.

शहराच्या बेसा भागातल्या एका शाळेच्या दहावी ब ने असा आरडाओरडा केला नाही. तिने कार्यपद्धती आखली. ती इतर शाळांना उपयोगी पडावी म्हणून येथे देत आहोत.

कलम १. तासाची रचना

बीजगणिताचा तास पस्तीस मिनिटांचा असतो. मनोहरराव भोयर सर त्याचा पुढीलप्रमाणे पुरेपूर वापर करतात.

मिनिट ० ते ४ : सर वर्गात येतात. (वर्गाच्या दारापर्यंत येण्याचा वेळ यात धरलेला नाही.)

मिनिट ४ ते १३ : फळा पुसणे. मग दिनांक, वार, विषय, पट, हजर. सरांचे अक्षर इतके देखणे आहे की 'विषय : बीजगणित' एवढे वाचूनच विषय झाल्यासारखा वाटतो.

मिनिट १३ ते २१ : हजेरी. ('हजर' या रकान्यातला आकडा आधीच लिहिलेला असतो. हजेरी त्याच्याशी जुळवून घेतली जाते.)

मिनिट २१ ते २४ : उपक्रमाचा फोटो. यासाठी विद्यार्थ्यांनी अर्धे मिनिट शिकत असल्यासारखे बसावे. खिडकीजवळ बसणाऱ्या खुशीने चेहरा थोडा वर करावा, तिच्याकडे चांगला प्रकाश येतो.

मिनिट २४ ते ३३ : पुस्तकात सोडवून दिलेले उदाहरण फळ्यावर उतरवणे.

मिनिट ३३ ते ३५ : "समजलं ना?"

बेचाळीस विद्यार्थी एका सुरात "हो सर" म्हणतात. नाशिकपासून गोंदियापर्यंत इतके एकमत दुसऱ्या कशावर झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

कलम २. विद्यार्थ्यांनी काय करावे

ट्यूशन लावावी.

बेचाळीसपैकी एक्केचाळीस विद्यार्थ्यांनी हा उपाय पहिल्याच आठवड्यात अवलंबला. त्यामुळे सरांच्या तासाला शांतपणे ट्यूशनचा गृहपाठ करता येतो. सर विद्यार्थ्यांना त्रास देत नाहीत, विद्यार्थी सरांना त्रास देत नाहीत. पालकही समाधानी असतात, कारण मूल शाळेत गृहपाठ संपवून येते आणि ट्यूशनला शिकून येते. (घरी ते जेवते.)

शिकवणाऱ्याने न शिकवणे आणि शिकणाऱ्याने न शिकणे या दोन ऋण गोष्टींचा गुणाकार केला तर निकाल धन येतो. दहावी ब चा निकाल दरवर्षी चांगलाच येतो.

कलम ३ व ४

ही कलमे ज्या कागदावर होती त्याच्या कोऱ्या बाजूवर वर्गातल्या पियूषने ट्यूशनचे एक उदाहरण सोडवले आणि कागद ट्यूशनमध्ये जमा करून टाकला. वाचकांची गैरसोय झाली असल्यास त्यांनीही ट्यूशन लावावी.

कलम ५. अपवाद

प्रत्येक चांगल्या व्यवस्थेत एक दामिनी असते.

आमची दामिनी नरखेड तालुक्यातल्या एका गावची. वडील देवराव यांची संत्र्याची बाग आहे. ती दहावीसाठी बेसा भागात मामीकडे राहायला आली. तिला ट्यूशन नाही. मामीकडे राहणे हीच एक मोठी सोय, त्यावर आणखी सोय मागायची नाही, असे दोन्ही घरांत न बोलता ठरलेले आहे.

तिला पॉलिटेक्निकला जायचे आहे. जुलैच्या पहिल्या चाचणीत गणितात शंभरापैकी एकोणतीस पडले तेव्हा देवराव एसटीने आले, मामीचा चहा घेतला आणि दारातच म्हणाले, "जानेवारीतल्या सराव परीक्षेत पन्नास आण, बाई. नाही आले तं घरी ये. तिथूनच दहावी दे, मंग पाहू."

'मंग पाहू' याचा अर्थ दामिनीला माहीत आहे. तिच्या थोरल्या बहिणीचेही मंग पाहू असेच ठरले होते. सध्या ती जावेसोबत कापूस वेचते.

तर या दामिनीने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, तेहतिसाव्या मिनिटाला, सरांनी "समजलं ना?" विचारल्यावर बेचाळिसावे "हो सर" दिले नाही. त्याऐवजी ती म्हणाली, "सर, मायनस गुणिले मायनस प्लस काहून होते?"

वर्गात शांतता पसरली. (शांतता आधीही होती. पण ती गृहपाठाची होती.)

"छान प्रश्न," सर म्हणाले. "टाळ्या वाजवा तिच्यासाठी."

टाळ्या वाजल्या. घंटाही वाजली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारले. पुन्हा टाळ्या. पाचव्या दिवशी हर्षित मागून म्हणाला, "काहून वं दामिनी, टाळ्यांसाठी करून राहिली का? नियम हाय तो. पाठ कर ना."

"तुले मालूम हाय का, काहून ते?"

"मले कशाले पायजे? आमच्या ट्यूशनवाल्या सरले मालूम असंल."

यानंतर दामिनीने मधल्या सुट्टीत एक पाहणी केली. निष्कर्ष पुढीलप्रमाणे:

नियम माहीत असलेले : ४१
कारण माहीत असलेले : ०
आपल्या ट्यूशनच्या सरांना ते माहीत असणार याची खात्री असलेले : ४१
त्यांना विचारलेले : ०
विचारायला घाबरलेले : ३
ही भानगड परीक्षेत येत नाही असे सांगून समोसा खाणारे : ३८

(पाहणीची पद्धत शास्त्रशुद्ध होती. समोसा कॅन्टीनचा होता.)

कलम ६. शिक्षकाशी थेट संपर्क

हा मार्ग धोक्याचा आहे. शिक्षक खरे बोलण्याची शक्यता असते.

दामिनी स्टाफरूममध्ये गेली तेव्हा भोयर सर सकाळचा फोटो शासनाच्या अ‍ॅपवर चढवत होते. तो चढत नव्हता.

"सर, ते मायनसचं..."

सरांनी मोबाईल टेबलावर उपडा ठेवला. इकडेतिकडे पाहिले.

"बेटा, एक सांगू? मले बी नाही मालूम."

"तुमाले?"

"मी इतिहासाचा माणूस हाय. गणिताचं पद चार वर्षांपासून रिकामं. मोठे सर म्हणाले, भोयर, तुमचं अक्षर चांगलं हाय, तुम्ही घ्या गणित. नाही कसं म्हणू?" मग ते म्हणाले, "इतिहासातलं विचार ना काही. एक नंबर सांगतो."

येथे कार्यपद्धतीत मोठी त्रुटी आढळते. शिक्षक निष्प्रभ असेल तर काय करावे, हे तिच्यात आहे. शिक्षक प्रामाणिक निघाला तर काय करावे, याची तरतूदच नाही.

कलम ७. दिवाळीची सुट्टी

या कलमात काहीही घडत नाही. दामिनी गावी गेली. बापासोबत विहिरीवर मोटर सुरू करायला गेली, काठावर बसली, आत वाकून पाहिले आणि बराच वेळ उठली नाही.

"काय पाहून राहिली गा पोरगी?" देवरावांनी शेजारच्या नत्थूजींना विचारले.

"पाणी पाहून राहिली. दुसरं काय हाय विहिरीत?"

कलम ८. शिक्षकाचे प्रशिक्षण

सुट्टीनंतर दामिनीने मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये जाऊन सरांना बसवले आणि जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर एक विहीर काढली.

"मोटर रोज तीन हात पाणी ओढते, सर. रोज तीन हात खाली. म्हणजे मायनस तीन."

"बरं."

"उद्या-परवा म्हणजे पुढचे दोन दिवस, प्लस दोन. तवा पाणी सहा हात खाली जाईन. मायनस सहा. हाय ना?"

"हाय."

"आता पुढं नका जाऊ. मागं जा. दोन दिवसांआधी म्हणजे मायनस दोन. तवा पाणी कुठं होतं?"

सरांनी कागदावरच्या विहिरीत बोट टेकवून ते वर सरकवले. त्यांचे बालपण कळमेश्वरकडच्या एका खेड्यात असल्या विहिरींवरच गेले होते.

"वर होतं," ते हळूच म्हणाले. "सहा हात वर... अरे बाप्पा! प्लस सहा!"

चोपन्न वर्षांच्या माणसाने स्टाफरूममध्ये उडी मारल्याची शाळेच्या इतिहासात ही एकमेव नोंद आहे. (नोंद कोठेही केलेली नाही.)

पुढे रोज शिकवणी सुरू झाली. दामिनी रात्री पुस्तक घेऊन एकेका पायरीचे कारण शोधायची, दुपारी सरांना सांगायची. सरांची प्रगती समाधानकारक होती. वर्तणुकीत मात्र थोडे दोष आढळले. एकदा त्यांनी वही घरी राहिल्याचे सांगितले. एकदा पोट दुखत असल्याचे सांगितले. एकदा विचारले, "हे परीक्षेत येईन का?"

"येईन सर," दामिनी म्हणाली. "माह्या."

त्यानंतर सरांची वही रोज आली.

कलम ९. दुर्घटना

नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी भोयर सर वर्गात आले आणि त्यांनी फळ्यावर दिनांक लिहिला नाही. वार लिहिला नाही. पट, हजर काही नाही. त्यांनी फळाभर एक विहीर काढली आणि विचारले, "कोणाच्या गावाले मोटर हाय?"

पियूषने ट्यूशनच्या वहीतून डोके वर काढले. त्याच्या गावची मोटर पाच हात ओढत होती. खुशीच्या आजोबांची दीड. सोनिकाकडे विहीर नव्हती, पण तिच्या बिल्डिंगला टाकी होती, आणि टाकीही चालते असे सरांनी जाहीर केले. घंटा झाली तेव्हा कोणीही उठले नाही. "समजलं ना?" असे सर विचारायला विसरले.

हे नऊ दिवस चालले. नवव्या दिवशी घेतलेल्या छोट्या चाचणीत दामिनीला वीसपैकी चौदा मिळाले. म्हणजे शंभरात सत्तर. हा हिशेब तिने मामीलाही करून दाखवला, मामीने न विचारता.

नऊ दिवसांत एक्केचाळीस विद्यार्थ्यांचा ट्यूशनचा गृहपाठ मागे पडला. शिवाय हर्षितने ट्यूशनमध्ये सगळ्यांसमोर "काहून?" असे विचारले. ट्यूशनच्या सरांनी त्याला टाळ्याही दिल्या नाहीत, सरळ घरी फोन केला.

कलम १०. पालकांची भूमिका

हर्षितचे वडील गणपतराव शाळेच्या समितीचे अध्यक्ष आहेत. सिमेंट-लोखंडाचे दुकान सांभाळून ते शिक्षणाकडे लक्ष देतात. ते स्वतः सरांना भेटायला आले.

"सर, तुमच्यावर राग नाही आमचा. पण एकदम शिकवूनच राहिले गा तुम्ही! पोट्टं रात्री जेवताना मले विचारते, बाबा, हे असं काहून? मी काय सांगू त्याले?"

"माहीत नाही म्हणून सांगा," सर म्हणाले. "मी तेच सांगितलं होतं."

"दहावीचं वर्ष हाय, सर."

"म्हणूनच तं शिकवून राहिलो."

यावर गणपतराव उठले. आणि त्यांनी ठराव आणला.

सभेला वेळ कोणालाच नसल्याने ठराव पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मांडला गेला. मजकूर असा:

'सर्व पालकांनी कृपया पूर्ण वाचावे. दहावीच्या मुलांवरील वाढता ताण लक्षात घेता, मा. भोयर सर यांच्या अनुभवाचा लाभ समाजाला व्हावा म्हणून त्यांना शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी मार्चअखेरपर्यंत कळमेश्वर येथे पाठवण्याची विनंती वरिष्ठांकडे करण्यात येत आहे. तास स्वयंअध्ययनासाठी मोकळा राहील. सहमत असल्यास अंगठा द्यावा. अठ्ठावीस अंगठे आल्यास ठराव मंजूर. मुदत रविवार सायंकाळी सहा.'

(जी मुले शिक्षणापासून वंचित आहेत ती शोधण्याचे हे काम आहे. सरांना त्यासाठी दहावी ब मधून हलवण्यात येणार होते, यात कोणतीही विसंगती नाही.)

देवरावांनी अंगठा दिला नाही. त्यांनी बागेत उभे राहून एकेक अक्षर शोधत एकच शब्द टाकला: 'काहून?'

ग्रुपच्या अ‍ॅडमिनने तो चुकून आलेला संदेश समजून काढून टाकला.

रविवारी पावणेसहापर्यंत सत्तावीस अंगठे झाले होते. ग्रुपमध्ये मामीही होती; दामिनी तिच्या फोनवर ते मोजत बसली होती. मामी भाजी निवडत होती. "काय झालं वं?" तिने विचारले. "अजून एक नाही आला," दामिनी म्हणाली. तिने सरांसाठी सोमवारचा धडा काढून ठेवला होता.

पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी अठ्ठाविसावा अंगठा आला.

वरिष्ठांनी त्याच रात्री मान्यता दिली आणि सर सोमवारी कळमेश्वरला रुजू झाले. आता पुढच्या पायऱ्यांची कारणे दामिनी कोणाला सांगून पाहील, आणि जानेवारीपर्यंत तिच्या सत्तराचे किती उरतील, हे या कार्यपद्धतीच्या कक्षेबाहेर आहे. कोणाचा दोष नाही. सव्वीस पालकांनी आपापल्या मुलांच्या हिताचा विचार केला होता, आणि सत्ताविसावे स्वतः गणपतराव.

अठ्ठाविसावा अंगठा आपला होता.

आपल्याला आठवत नसेल. मजकूर लांब होता. वरची पहिली ओळ आपण वाचलीत, खाली इतके अंगठे दिसले, आणि इतके लोक चुकीचे कसे असतील, असे वाटून दाबलात. आपल्या मनात काहीच वाईट नव्हते, याची नोंद घेतली आहे. आता वाईट वाटत असेल तर तीही सोय आहे. ग्रुपवर दोन जोडलेल्या हातांचे चित्र मिळते. ते दाबावे. दामिनीच्या मामीच्या फोनवर ते लगेच पोहोचेल.