येन्सकाका मराठी शिकले

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या मखमलाबाद रोडवरच्या 'द्राक्षबाग अपार्टमेंट'मध्ये डेन्मार्कचं एक निवृत्त जोडपं राहायला आलं. (जी बाग तोडून इमारत उभी राहिली, तिच्या स्मरणार्थ हे नाव दिलेलं आहे.) श्री. येन्स ओल्सेन, वय अडुसष्ट, आणि सौ. किर्स्टन ओल्सेन, ज्यांचं वय विचारण्याचं धाडस कुणी केलं नाही. मी, शेखर गायधनी, सोसायटीचा सचिव. या प्रकरणाशी पहिल्यापासून माझा संबंध आला, तेव्हा घडलं ते क्रमाने नोंदवणं मी माझं कर्तव्य समजतो.

येन्स पूर्वी पिंपळगाव बसवंतला शीतगृहांची यंत्रं बसवायला येत. दरवर्षी द्राक्षांच्या हंगामात दोन महिने मुक्काम. डेन्मार्कच्या थंडीत किर्स्टनबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी नाशिकच गाठलं. जन्मभर द्राक्षं थंड करणारा हा माणूस म्हातारपणी ऊन शेकायला इथे आला. भर दुपारी आम्ही पडदे ओढून पंख्याखाली पडलेलो असायचो, तेव्हा हे दोघे बाल्कनीत खुर्च्या टाकून बिनदुधाची कॉफी पीत बसायचे. पहिल्या आठवड्यात किर्स्टनबाईंनी मेथीची जुडी आणून फुलदाणीत लावली होती. त्यांच्याकडे कामाला लागलेल्या मैनाबाईने ती तिथून काढून भाजी केली आणि जेवायला वाढली. तेव्हापासून त्या घरात मैनाबाईचा शब्द अखेरचा मानला जाऊ लागला.

सोसायटीच्या फाटकासमोर राडारोड्याचा ढीग होता. तो उचलावा म्हणून मी चौदा महिन्यांत चौदा अर्ज दिले होते. एके दिवशी येन्सकाका कसलासा फॉर्म आणायला वॉर्ड ऑफिसात गेले. कार्यालयाचे प्रमुख यादवसाहेब खुर्चीतून उठले. त्यांनी स्वतःचा टेबलफॅन काकांकडे वळवला, चहा मागवला आणि इंग्रजीत विचारलं, "सर, काही अडचण?" काका म्हणाले, "अडचण अशी नाही, पण आमच्या दारात एक ढीग आहे."

संध्याकाळी जेसीबी आला. ढीग तर गेलाच, शिवाय जिथे ढीग होता तिथे दोन्ही बाजूंनी माणसं चुन्याच्या रेघा मारून गेली.

त्या रविवारी कार्यकारिणीची बैठक झाली. खजिनदार कोठावदे म्हणाले, "गायधनी, तुमच्या चौदा अर्जांना जे जमलं नाही ते या माणसाने चहा पिऊन केलं. आपण अर्ज बंद करू, माणूस पाठवू." त्यावर ठराव झाला: 'सोसायटीच्या वतीने सर्व कार्यालयांत उपस्थित राहण्यासाठी श्री. ओल्सेन यांची नियुक्ती करण्यात येत आहे. त्यांनी काहीही करण्याची आवश्यकता नाही, केवळ दिसावे.'

काका भला माणूस. शेजाऱ्यांची सोबत करायची एवढंच त्यांना समजलं, आणि ते आनंदाने तयार झाले. नोटीस बोर्डावर वेळापत्रक लागलं. सोमवारी पथदिवे, मंगळवारी गॅस एजन्सी, बुधवारी शेजारच्या सोसायटीला अर्धा दिवस उसने. शाळाप्रवेश आणि दवाखाने किर्स्टनकाकूंकडे. कोठावद्यांच्या नातीच्या प्रवेशासाठी त्या 'आत्याआजी' म्हणून गेल्या, आणि मुख्याध्यापिकेने नातं न विचारता बालवर्गात जागा निर्माण केली.

माझंही एक काम होतं. घोटीकडे आमचं भाताचं शेत आहे. त्याच्या सातबाऱ्यावर वडिलांचं आडनाव 'गायधनी'ऐवजी 'गायरान' पडलं होतं, म्हणजे कागदोपत्री माझे वडील चराऊ कुरण होते. अकरा वर्षं मी खेटे घालत होतो. काकांना एकदा नेलं, तर 'गायरान'चं 'गायधने' झालं. आणखी एका खेपेत वडील संपूर्ण मिळणार होते.

शिवाय सत्कार होतेच. गणेशमंडळ, क्रिकेट स्पर्धा, रक्तदान शिबिर, पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन. सहा महिन्यांत दोघांना मिळून बेचाळीस शाली मिळाल्या. किर्स्टनकाकूंनी त्यातल्या काही एकमेकींना शिवून गोधडी केली. नारळ मैनाबाई घेऊन जायची.

इथपर्यंत सर्व सुरळीत होतं. पण आपण कुठे जातो, कशासाठी जातो हे आपल्याला कळत नाही, याची काकांना लाज वाटू लागली. ते मला म्हणाले, "शेखर, लोक माझ्याशी इतके चांगले वागतात. त्यांच्या भाषेत बोलणं हे माझं किमान कर्तव्य आहे." मला त्यातला धोका तेव्हा दिसला नाही. उलट मी त्यांची पाठ थोपटली.

काकांनी पुस्तक वगैरे आणलं नाही. ते रोज सकाळी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसत आणि पोळ्या लाटणाऱ्या मैनाबाईशी बोलत. मैनाबाई सायखेड्याची, बोलीही तिकडचीच. त्यामुळे डिसेंबरात एके दिवशी जिन्यात भेटले तेव्हा काका मला म्हणाले, "शेखरभाऊ, बरं हाय ना? आज थंडी लय पडलीय."

सोसायटीत आनंदीआनंद झाला. त्या वाक्याचा व्हिडिओ दोन तासांत सिडकोपासून सातपूरपर्यंत फिरला. 'यांच्याकडून शिका' असं लिहून तो पुढे पाठवणाऱ्यांत मी पहिला होतो. ते मी इंग्रजीत लिहिलं होतं, म्हणजे सर्वांना कळावं.

मराठीतून पहिलं काम काकांनी स्वतःच निवडलं. मैनाबाई कालव्यापलीकडच्या गल्लीत राहते. तिथल्या नळांना सात महिने पाणी नव्हतं. गल्लीतल्या बायका पहाटे तीन गल्ल्या ओलांडून हंडे आणत. काका मैनाबाईला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. माझाही एक दाखला अडला होता, म्हणून मी सोबत होतो. टेबलफॅन वळला. काका म्हणाले, "साहेब, आमच्या मैनाबाईंच्या गल्लीत नळाला पाणी नाय. सात महिने झाले. बायांचे लय हाल हायेत."

यादवसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या टेबलांवरची माणसं गोळा केली, काकांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, सर्वांनी फोटो काढले. मग साहेब खाली बसले आणि म्हणाले, "वा, काका! अर्ज आणलाय?"

"अर्ज?"

"दोन प्रतीत लागतो. खिडकी नंबर तीन. आणि आज तिथला माणूस रजेवर आहे, सोमवारी या."

आणि फॅन परत स्वतःकडे वळवला.

सोमवारी काका गेले. माणूस जेवायला गेला होता. गुरुवारी तो होता, पण ती गल्ली त्याच्याकडे येत नव्हती. जिच्याकडे येत होती ती बाई म्हणाली, "ओ काका, लायनीत या. दिसत नाही का इतकी माणसं?" काका वळून रांगेच्या शेवटी गेले. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्यांना तंबाखू विचारली. घरी आल्यावर हे सांगताना ते खूश होते. "आज पहिल्यांदा मला कुणी माणसात धरलं," असं ते म्हणाले. त्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळलेलं नव्हतं.

ते आम्हाला कळलं. गॅस एजन्सीने त्यांना 'सर्व्हर डाउन आहे' असं मराठीतून सांगितलं. रिक्षावाले 'तिकडे नाही जात' म्हणू लागले. बँकेतल्या मुलीने मान वर न करता 'मूळचे कुठले?' विचारलं आणि उत्तर ऐकून 'तिथल्या दाखल्याची झेरॉक्स द्या' म्हणाली. माझे वडील 'गायधने' या अवस्थेत अडकले. सहा महिन्यांत उभी केलेली व्यवस्था चार आठवड्यांत कोसळली.

विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागली. कोठावदे तळमळून म्हणाले, "काका, तुम्ही घरात हवी तेवढी मराठी बोला. बाहेर नको. सार्वजनिक हिताचा प्रश्न आहे."

"पन मला येतं आता," काका म्हणाले.

"विसरा."

काका म्हणाले, "मी त्याच साहेबाकडं गेलो. आधी इंग्रजीत बोललो, मग मराठीत बोललो. साहेब तोच, मी पन तोच. मग काय बदललं?"

कोठावद्यांनी चहा मागवला. इतिवृत्तात मी 'सखोल चर्चा झाली' असं नोंदवलं.

"एक दिवस मराठी न येण्याचं सोंग करा," मी विनवलं. "फक्त घोटीला. माझ्या वडिलांसाठी."

"नाय, शेखरभाऊ. लाज वाटते," काका म्हणाले आणि उठून गेले. ज्यांच्यासाठी आपण इतकं केलं तो माणूस असा उलटावा, याचं सर्वांना वाईट वाटलं.

जानेवारीत मैनाबाई पाण्याचा हंडा घेऊन येताना कालव्याच्या उतारावर घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून ती कामावर आली आणि ओट्याशी उभी राहून डाव्या हाताने कणीक मळू लागली. किर्स्टनकाकूंनी ते पाहिलं, तिच्या हातातून परात काढून घेतली, तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः चपला घातल्या. मग माझ्या दाराची बेल वाजवली. "वॉर्ड ऑफिस. आत्ता," त्या इंग्रजीत म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका खाली आला होता की मी चष्मासुद्धा न घेता निघालो.

यादवसाहेबांच्या टेबलासमोर काकू उभ्या राहिल्या. साहेब फॅनला हात घालणार, तेवढ्यात काकूंनी बोलायला सुरुवात केली. मराठीत नाही, इंग्रजीतही नाही. डेन्मार्कच्या भाषेत. सलग, खणखणीत, बोटं मोजत, मधूनच टेबलावर तळहात आपटत. खिडक्यांतली माणसं आपापल्या जागी उभी राहिली. साहेबही उठले. ते दर वाक्याला मान हलवत होते. "येस मॅडम. डेफिनेटली मॅडम." दहा मिनिटांनी काकू थांबल्या तेव्हा साहेबांनी कपाळ पुसलं आणि मला हळूच विचारलं, "काय म्हणतायत?"

मला एक अक्षर कळलेलं नव्हतं. मी म्हटलं, "कालव्यापलीकडच्या गल्लीत पाणी येत नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलं?" साहेब कळवळून म्हणाले.

आमच्या मागून आवाज आला, "आठ महिने सांगतोय, साहेब." प्लास्टरचा हात सांभाळत मैनाबाई उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं.

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी फोन उचलला.

तिसऱ्या दिवशी गल्लीत पाणी आलं. रूपाली नावाच्या तिथल्या एका मुलीने नळाला हार घातला. आम्ही सोसायटीतर्फे पेढे नेले आणि फोटोत उभे राहिलो. नंतर येन्सकाकांना मी विचारलं, "काकूंनी काय सुनावलं हो साहेबांना?"

"सुनावलं नाय," काका म्हणाले. "काळा पाव कसा करायचा ते सांगितलं. राय नावाच्या धान्याचं पीठ, मीठ, गरम पाणी, रात्रभर झाकून ठेवायचं. रागात तिला दुसरं काय आठवेना."

मी पोट धरून हसलो. हा किस्सा मी तेव्हापासून किमान पन्नास ठिकाणी सांगितला आहे आणि प्रत्येक ठिकाणी लोक हसले आहेत. यादवसाहेबांच्या मनोवृत्तीवर मी एक लेखही लिहिला. एका स्थानिक साप्ताहिकात तो छापूनही आला.

हात बरा झाल्यावर मैनाबाई पुन्हा सगळ्या घरी कामाला येऊ लागली. ती आमच्याकडेही येते, नऊ वर्षं झाली. लेख छापून आला त्या दिवशी ती फरशी पुसत होती. मी माझा लेख तिला मोठ्याने वाचून दाखवला, तिच्याच गल्लीच्या पाण्यावरून होता म्हणून. तिने सगळा ऐकून घेतला, फडकं पिळलं आणि म्हणाली, "चांगलं लिवलंय, भाऊ. पन साहेबाला एवढं नका बोलू."

"का? आठ महिने ऐकलं नाही त्याने."

"त्याला मी नंतर सांगितलं, भाऊ. पाणी गेलं त्याच आठवड्यात पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं व्हतं. हितंच. तुम्ही पेपर वाचत व्हते."

मी खूप आठवून पाहिलं. मला काही आठवेना. खोटं बोलणारी बाई नाही ती, सांगितलं असेलच.

मराठीत सांगितलं असणार.