गणपतीचं बटण

धुळ्याच्या नव्या घरात इंदरचंदशेठांनी विजेची नऊ बटणं एकाच पाटीवर, बैठकीच्या दाराशी बसवून घेतली. "बठ्ठं एकाच जागी शे, शेठ," म्हणत वायरमन लोटनने कुठलं बटण कशाचं ते सांगितलं आणि तो भाचीच्या लग्नाला बोदवडला गेला. शेठांच्या आई मोहनबाई यांना वाचता येत नव्हतं. म्हणून शेठांनी दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या निंबा पेंटरकडून प्रत्येक बटणाखाली चित्रं काढून घेतली. पंख्याला पंखा, न्हाणीघराला तांब्या, देवघराच्या दिव्याला गणपती. निंबाने गणपती असा काही जीव ओतून काढला, की मोहनबाईंनी लगेच हळदकुंकू वाहिलं आणि फर्मान काढलं, की या बटणाला ओलेत्यानेच हात लावायचा.

इथवर सगळं ठीक होतं. पण शनिवारी शिरपूरहून शेठांच्या मुलीला, चंचलला, बघायला मंडळी आली. दोन स्थळं आधीच हातची गेलेली, त्यामुळे शेठांचा जीव टांगणीला लागला होता. त्यात मे महिन्यातली भर दुपार. शेठांनी ऐटीत पहिल्यांदाच पंख्याचं बटण दाबलं, तर देवघरात उजेड पडला! पुन्हा दाबलं, उजेड गेला. शेठ चक्रावले. त्यांनी गणपती सोडून तांब्यापासून घंटीपर्यंत बाकी सगळी बटणं दाबून पाहिली, पण पंखा ढिम्म. म्हणजे लोटनने घोळ घातला होता आणि पंखा गणपतीच्या ताब्यात गेला होता.

शेठांनी दुकानातला कापड मोजायचा गज आणून हळूच गणपतीचं बटण ढकलायला घेतलं.

"देवाला काठीनं ढोसतोस?" मोहनबाई मागूनच म्हणाल्या.

नाइलाज झाला. शेठ न्हाणीघरात गेले, दोन तांबे अंगावर ओतले आणि निथळत्या धोतराने पाहुण्यांसमोरून येऊन बटण दाबलं. पंखा फिरला. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. पाच मिनिटांनी मुलाच्या आजी तारादेवी म्हणाल्या, की वाऱ्याने मान धरते, बंद करा. शेठांनी कोरडं धोतर नुकतंच नेसलं होतं. पुन्हा अंघोळ, पुन्हा बटण. मग मुलाला घाम फुटला, शेठ न्हाणीघरात. मग पंख्याने पत्रिका उडाली, शेठ न्हाणीघरात. चौथ्या खेपेला त्यांना शिंका सुरू झाल्या. चंचल पोह्यांची ताटली घेऊन दारात उभी होती. वडिलांचे हाल बघून तिला रडावं की हसावं ते कळेना.

"एक विचारू?" तारादेवींनी शेवटी तोंड उघडलं. "हे काय चाललंय?"

झालं, हेही स्थळ गेलं, असं शेठांना वाटलं. खरं सांगावं तर घरात सगळा सावळागोंधळ दिसतो, खोटं बोलावं तर आई ऐकतेय.

"आमच्यात पंख्याला ओलेत्याशिवाय हात लावत नाहीत," मोहनबाई शांतपणे म्हणाल्या.

तारादेवींनी उठून पाटी जवळून पाहिली. मग त्यांनी पदर सावरला.

"आमच्याकडे पोरं खरकट्या हातानं बटणं दाबतात. असं सोवळं मी आजवर कुठं पाहिलं नाही. मुलगी आमची झाली. हुंडा नको, मानपान नको. फक्त अशीच पाटी आमच्या घरी बसवून द्या. पंख्याचं काम हा करील."

आणि त्यांनी नातवाकडे बोट दाखवलं. नवऱ्या मुलाने होणाऱ्या सासऱ्यांच्या निथळत्या धोतराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, की लग्न थंडीत तर नाही ना धरणार?