ठमीबायच्या बाकावरचे दोनशे चौदा पक्षी

जगात काय आहे हे नकाशावरून कळते, आणि जे नकाशावर नाही त्याला निधी मंजूर होत नाही. हे सत्य अजेयला वयाच्या सव्विसाव्या वर्षीच उमगले आणि तो अलिबागच्या 'सागरतीर जैवविविधता प्रतिष्ठान' या संस्थेत 'अवकाशीय विदा विश्लेषक' म्हणून रुजू झाला.

पदाचे नाव भारदस्त असल्यामुळे घरची पहिली दोन वर्षे गैरसमजात फार चांगली गेली. नागावच्या वाडीतल्या कुमुदआत्याने पार चौलपर्यंत सांगून ठेवले होते की आमचा अजेय अवकाशात काहीतरी करतो. 'विदा' (म्हणजे डेटा) हा शब्द तिला 'विडा' असा ऐकू येई, आणि सुपारी घरची, पानं घरची असताना विड्याचं विश्लेषण करायला बाहेर नोकरी कशाला, हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. एकदा अजेयने तिला नीट समजावून सांगितले. कुठला पक्षी नेमका कुठे दिसला याच्या हजारो नोंदी संगणकात भरायच्या, त्यांचा नकाशा करायचा आणि कुठली जागा राखावी ते सरकारला कळवायचे.

"म्हणजे तू पक्षी बघतोस," आत्या म्हणाली.

"नाही, मी नोंदी बघतो."

"मग पक्षी कोण बघतं?"

यावर अजेयने चहा मागितला.

खरे सांगायचे तर अजेयला चार पक्षी ओळखता येत (कोंबडी धरून). परंतु ही उणीव नसून पात्रता होती. पक्षी ओळखणारा माणूस पक्ष्यात गुंततो आणि ठिपक्यांकडे त्याचे दुर्लक्ष होते. अजेयचे तसे नव्हते. खोलीतला पंखा बंद पडला तरी त्याची नजर पडद्यावरून हलत नसे. खिडकीबाहेरच्या बदामाच्या झाडावर तीन वर्षे कुणीतरी घरटे करत होते. ते कोण, याची त्याने चौकशी केली नाही, कारण ते झाड अभ्यासक्षेत्राच्या बाहेर होते.

चौथ्या वर्षी त्याच्या हातून त्याच्या आयुष्यातला सर्वोत्तम नकाशा घडला. धरमतर खाडीपासून काशीदपर्यंतच्या किनाऱ्यावरच्या एकेचाळीस हजार नोंदी त्याने गोळा केल्या. या नोंदी मुंबई-पुण्याहून येणारे पक्षीमित्र मोबाईलवरच्या एका ॲपमध्ये करतात. बटण दाबले की पक्ष्याचे नाव वर जाते, आणि सोबत बटण दाबणारा जिथे असेल ती जागाही जाते. अजेयने या नोंदींवर सात प्रकारची गणिते केली आणि सगळ्या गणितांचे एकमत झाले. रेवसच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, तिवरांच्या कडेला, नकाशावर कुंकवाच्या टिळ्याएवढा लालभडक ठिपका उमटला. दोनशे चौदा जातींचे पक्षी त्या एका जागी होते. उरलेला किनारा फिकट पिवळा होता आणि खाडीच्या आतला भाग तर पांढरा होता, म्हणजे तिथे काहीच नव्हते. अचूकता एक्क्याण्णव टक्के.

संस्थेचे संचालक दिनानाथ सरांनी तो नकाशा हात लांब करून पाहिला. मग म्हणाले, "याचा फ्लेक्स करा."

संवर्धनात फ्लेक्सला फार महत्त्व आहे. कागदावरचा नकाशा चुकू शकतो. आठ बाय सहाचा चुकत नाही. तो समितीपुढे उभा राहिला, समितीने चष्मे पुसले आणि लाल ठिपक्याभोवतीचा दोनशे मीटरचा परिसर 'संवेदनशील गाभा क्षेत्र' म्हणून सुचवला. वरच्या कार्यालयाने तत्परतेने (म्हणजे त्याच आर्थिक वर्षात) त्या क्षेत्रातल्या एकुलत्या एक मानवी अतिक्रमणाला नोटीस काढली. अतिक्रमणाचे नाव होते ठमी दयाराम पाटील आणि त्याचे स्वरूप होते चहा, वडापाव, कांदाभजी.

नियमाप्रमाणे जागेची प्रत्यक्ष पाहणीही व्हायला हवी होती. ती नेहमीप्रमाणे निर्णयानंतर ठेवण्यात आली आणि सगळे बाहेरगावी असल्याने अजेयला जावे लागले. तो मोबाईलमधल्या बाणाचा माग काढत निघाला. ठिपक्याचा मध्यबिंदू अठरा मीटरवर आला, नऊवर आला, मग दोनवर. अजेयने मान वर केली तेव्हा समोर एक लाकडी बाक होता आणि कढईत भजी तळली जात होती.

"बसा," कढईमागची बाई म्हणाली. "पक्षीवाले ना तुमी?"

अजेयने विचारले, कशावरून.

"बूट सोच्च हाईत, म्हंजे आत्ता चाललाव. येताना चिखलान भरून येतीव."

अजेय बाकावर बसला. त्याच्या नकाशाप्रमाणे त्या सहा फुटी बाकावर तुतवार, चिखल्ये, कुरव, रोहित, एक घुबड आणि खोल समुद्रावरून कधी जमिनीवर न येणारे दोन पक्षी असायला हवे होते. बाकावर एक मांजर होते.

"मावशी, इथे पक्षी येतात का?"

"कावले येतान. भज्यांना." तिने झारा निथळला. "पक्षी हितं न्हाय. ते पार तिकडं, जुन्या मिठागरावं. दोन कोस बांदावून चालाया लागतं. ही सगली मानसं पाटं जातान, नऊ वाजता हितं येऊन बसतान. मंग भजी खातान आन मोबाईलवं लिवत बसतान, ह्यो बगला, त्यो बगला."

अजेयच्या हातातले भजे हातातच राहिले. माणूस पक्षी बघतो रिकाम्या पोटी, पण नोंदवतो भरल्या पोटी, हे सूत्र सातही गणितांतून निसटले होते. एकेचाळीस हजार नोंदींवरून त्याने जो शोध लावला होता तो असा की रेवसच्या रस्त्यावर ठमीबायची भजी चांगली असतात. (अचूकता एक्क्याण्णव टक्के. भजी खाल्ल्यावर त्याला हा आकडा कमी वाटला.)

"ही नोटीस बगा जरा," ठमीबायने पदराला हात पुसत कागद पुढे केला. "काय लिवलंय? माज्या तेलाच्या वासान पक्ष्यांची पैदास थांबते म्हनं. मी तर सतरा वरसं हितंच हाय."

कागदाखाली संदर्भ म्हणून अजेयचे नाव होते. तो कागद त्याने मोठ्याने वाचला, पण शेवटची ओळ वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने दिनानाथ सरांना सगळे सांगितले. सरांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे नकाशा चुकीचा आहे म्हणतोस."

"हो सर. पक्षी मिठागरावर आहेत."

"मिठागरावरच्या नोंदी आहेत?"

"नाहीत. तिथे कुणी नोंद करत नाही."

"मग तिथे पक्षी आहेत हे कशावरून?"

हा युक्तिवाद अजेयला तोंडपाठ होता. त्याच शास्त्रात त्याची पदवी होती. शेवटी तडजोड म्हणून अहवालात तळटीप घालण्यात आली, 'नोंदींच्या स्थाननिश्चितीत काही अंशी खाद्यसापेक्ष विचलन संभवते.' ही तळटीप आजवर कुणी वाचल्याची नोंद नाही.

ठमीबायने टपरी उचलली आणि धक्क्याच्या अलीकडे, नऊशे मीटरवर मांडली. पुढच्या हंगामात गाभा क्षेत्रात एकूण तीन नोंदी झाल्या आणि त्याही तिथे गाडी पंक्चर झालेल्या एका गृहस्थांच्या होत्या. समिती हादरली. दोनशे अकरा जाती एका वर्षात नाहीशा झाल्या होत्या. मात्र नवीन नकाशात धक्क्याजवळ दुसरा लाल ठिपका दिसल्याने सर्वांचा जीव भांड्यात पडला. पक्षी नामशेष झाले नव्हते, ते नऊशे मीटर सरकले होते. यावर 'बदलत्या हवामानामुळे किनारी पक्ष्यांचे स्थलांतर' असा निबंध तयार होऊन परदेशी परिषदेत वाचला गेला. लेखकांत अजेयचे नाव दुसरे होते. पहिले नाव दिनानाथ सरांचे होते, कारण फ्लेक्सची सूचना त्यांची होती.

आणि ठमीबायला दुसरी नोटीस गेली.

ती घेऊन ती थेट अलिबागच्या कार्यालयात आली. ओरडली नाही, रडलीही नाही. अजेयच्या टेबलावर कागद ठेवून म्हणाली, "पोरा, मी जाईन तकडं तुमचे पक्षी माज्या मागं. मी आता जाऊ कंय ते तुमीच सांगा."

 तिचा प्रश्न त्याच्या डोक्यात घुसला. नकाशा खरा करण्याचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे नकाशा बदलणे. त्याला चौदा महिने आणि सहा सह्या लागतात.

"मावशी," तो म्हणाला, "मिठागराच्या बांधावर टपरी टाकता का?"

"तिथं गिऱ्हाईक कोन? बगले?"

"पक्षीवाले पहाटे तिथेच येतात. नऊपर्यंत उपाशी असतात. पहिला महिना सामान मी डोक्यावरून आणून देतो."

सामान त्याने खरेच आणले. चिखलात दोनदा पडला, एकदा बेसनासकट. ठमीबायचा नवरा दयाराम, ज्याचा बाप त्याच मिठागरावर मीठ ओढायचा, पुढे चालत त्याला पाय कुठे ठेवायचा ते दाखवी. तिसऱ्या दिवशी उजाडताना दयाराम थांबला आणि त्याने बोटाने गप्प राहायला सांगितले. समोरच्या उथळ पाण्यातून राखाडी चादर झटकावी तसे हजारो पक्षी एकदम उठले, वळले आणि वळताना पांढरे झाले. अजेय घमेले डोक्यावर धरून उभा राहिला. पाच वर्षांच्या नोकरीत त्याने प्रथमच एकाच वेळी चारपेक्षा जास्त पक्षी पाहिले. मान अवघडली ते त्याला नंतर कळले.

त्या हंगामात लाल ठिपका अचूक मिठागरावर पडला. अहवाल लिहिताना अजेयने टपरीचा उल्लेख 'अधिवासातील स्थायी सूचक घटक' असा केला. सूचक घटक हलवला तर अभ्यास बिघडतो, त्यामुळे तिसरी नोटीस निघाली नाही. उलट ठमीबायला न हलण्याचे पत्र आले, ते तिने कढईमागे लावून ठेवले.

नकाशा आता खरा होता आणि लाल होता. तो बातम्यांत आला. पहिल्याच शनिवारी मिठागरावर एकशे साठ माणसे आली, दुसऱ्या शनिवारी चारशे. बांध रुंद झाला, गाड्यांसाठी मिठाचे एक आगर बुजवले गेले, कुणीतरी ड्रोन उडवले. भजी पहाटे साडेसहालाच संपू लागली. नोंदी इतक्या वाढल्या की अचूकता सत्त्याण्णव टक्के झाली. पक्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघून गेले.

ते कुठे गेले हे दयारामला ठाऊक होते. एका भरतीला त्याने अजेयला होडीत घातले आणि खाडीच्या आत, नकाशावरच्या पांढऱ्या भागात नेले. पक्षी तिथे होते. अजेयने खिशातून मोबाईल काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत खिशात ठेवला. यंदाच्या अहवालात त्या भागापुढे त्याने 'विदा उपलब्ध नाही' असे लिहिले आहे. त्याच्या कारकिर्दीतले हे पहिले जाणूनबुजून केलेले खोटे विधान असून संवर्धनासाठी त्याने केलेले एकमेव ठोस काम हेच आहे, असे तो खासगीत सांगतो.

तो भाग नेमका कोणता, रेवसहून तिकडे होडी मिळते का, आणि कुठल्या महिन्यात जावे, हे वाचकांना विचारावेसे वाटत असेल. आपले पक्ष्यांवर प्रेम आहे याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच सांगता येत नाही.