समुद्राची तपासणी

“मला कयाकमधून मासे धरायला जायचंय. समुद्रात,” बायकोने चहा गाळता गाळता सांगितलं आणि सावधानरावांच्या हातातला पाव बशीत पडला.

सावधानराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते गाद्यांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते आणि कामगारांनी पहिल्याच आठवड्यात त्यांना हे नाव बहाल केलं होतं. गाद्यांच्या कारखान्यात माणूस पडला तरी गादीवरच पडणार, तिथे सेफ्टी ऑफिसर हवा कशाला, असं म्हणणारे पुष्कळ होते. पण सावधानरावांना कापूस दिसला की आग दिसायची आणि जिना दिसला की मोडलेला पाय. घरीही तीच तऱ्हा. दातांच्या दवाखान्यात नोकरी करणारी बायको घरी स्टुलावर चढली की ते खाली दोन्ही हात पसरून उभे राहत. तिचं वजन त्यांच्यापेक्षा आठ किलोंनी जास्त होतं, हा भाग वेगळा. या बाईला काही झालं तर आपलं कसं होणार, हा एकच प्रश्न गेली बावीस वर्षं त्यांचा जीव खात होता.

“कयाक म्हणजे ती अरुंद नाव ना? एका माणसाची?”

“हो. वर बसायचं, वल्हं मारायचं, गळ टाकायचा.”

“कठडा असतो का तिला?”

“अहो, नाव आहे ती. गॅलरी नाही.”

“मग माणूस पडला तर?”

“तर भिजतो,” बायको म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली.

दोन दिवस घरात याच विषयावरून धुसफूस चालली. तिसऱ्या दिवशी तह झाला. आधी सावधानरावांनी स्वतः कयाकमधून समुद्रात जायचं, एक तास मासे धरायचे, सगळी तपासणी करायची आणि निकाल द्यायचा. पास म्हणाले तर बायको जाणार, नापास म्हणाले तर विषय कायमचा बंद. बायकोने हे इतक्या चटकन कबूल केलं की सावधानरावांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण निकाल त्यांच्या मनात आधीच लागलेला होता. नापास. फक्त कारणं गोळा करून आणायची होती.

तपासणीसाठी त्यांनी कारखान्याच्या सहलीचा दिवस धरला. सहल समुद्रकिनारीच होती आणि किनाऱ्यावर त्यांनी स्वतः तयार केलेली बेचाळीस माणसं हजर राहणार होती. दर महिन्याला ते कारखान्यात आगीची ड्रिल घेत. तीन लांब शिट्ट्या झाल्या की हातातलं काम टाकायचं, न धावता ठरलेल्या जागी जमायचं, रांग लावायची, डोकी मोजायची. ड्रिल खरी वाटावी म्हणून सावधानराव स्वतः कुठल्या तरी कोपऱ्यात पडून “वाचवा! ही ड्रिल नाही, खरं आहे!” असा टाहो फोडत. एकदा पॅकिंगच्या सुपरवायझरला राहवलं नाही. तो रांग मोडून आत धावला आणि त्यांना खांद्यावर टाकून बाहेर घेऊन आला. सावधानरावांनी खांद्यावरून उतरल्या उतरल्या त्याला मेमो दिला. मोजणीनंतर गैरहजर माणसासाठी कोणीही परत जायचं नाही, फक्त सेफ्टी ऑफिसरला कळवायचं, असा नियम होता. तेव्हापासून रांग कोणी मोडली नव्हती.

मधल्या आठ दिवसांत त्यांनी खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीबद्दल मिळेल ते वाचून काढलं. नवख्या माणसाला एक सल्ला सगळीकडे होता: नावेवरची प्रत्येक वस्तू नावेला बांधा, म्हणजे पाण्यात पडली तरी हरवणार नाही. हा सल्ला त्यांना फारच पटला. त्यांनी लाल दोरीचं एक मोठं बंडल आणलं, कारण लाल रंग लांबून दिसतो, आणि एकतीस वस्तूंची यादी केली.

“साहेब, परत येणार आहात ना?” किनाऱ्यावर कयाक भाड्याने देणाऱ्याने ते सामान बघून विचारलं. वल्हं, गळाची काठी, आमिषाचा डबा, पाण्याची बाटली, टोपी, चष्मा, सुरी, मलमपट्टीची पेटी, सगळं लाल दोऱ्यांनी नावेला बांधलेलं होतं. “आणि नांगर असा मधे बाजूला नका बांधू. मागच्या टोकाला बांधा.”

“मागे माझा हात पोचत नाही. चालत्या नावेत मागे वळणं धोक्याचं आहे.”

“बाजूला बांधलात तर नाव आडवी होईल.”

“मी वीस वर्षं सेफ्टीत आहे,” सावधानराव म्हणाले.

कयाकवाल्याने खांदे उडवले. “ओहोटी लागलीय. ते तरंगतं पिंप दिसतंय ना, त्याच्या पुढे तेवढं जाऊ नका.”

बायकोने गुडघाभर पाण्यात येऊन नाव ढकलली. “कंबर सैल सोडा. नाव हलली की हलू द्या, तिच्याशी भांडू नका.” हे हिला कुठून सुचलं, असं विचारावंसं त्यांना वाटलं, पण तेवढ्यात पहिली लाट आली आणि ते वल्हं घट्ट धरून बसले.

पाणी आधी हिरवं होतं, मग निळं झालं आणि मग तळ दिसेनासा झाला. सावधानरावांनी खाली बघणं सोडून दिलं. नाव डावीकडे कलली की ते उजवीकडे झुकत, उजवीकडे कलली की डावीकडे, आणि दोन्ही वेळा उशीर होई. पायांखाली फक्त बोटभर जाडीचं प्लास्टिक आहे आणि त्याखाली समुद्र आहे, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. पिंपाच्या अलीकडे ते थांबले, नांगर सोडला आणि गळाला आमिष लावायला घेतलं. दोनदा बोटाला लावलं, तिसऱ्यांदा गळाला. घड्याळात बघितलं. एका तासातली अकरा मिनिटं झाली होती.

आपल्याला मासा लागू नये अशी प्रार्थना करणारे समुद्रावरचे ते बहुधा एकमेव मच्छीमार असतील. पण मासा लागला. काठीला जोराचा हिसका बसला आणि सावधानरावांनी काठी सोडून दोन्ही हातांनी नाव घट्ट धरली. काठी पाण्यात गेली. बांधलेली असल्यामुळे हरवली मात्र नाही. मासा तिला घेऊन नावेखालून पलीकडे गेला, तिच्या दोरीने वल्ह्याला ओढलं, वल्ह्याच्या दोरीने डबा ओढला, डब्याच्या दोरीत टोपी अडकली, आणि टोपी हनुवटीखाली गाठ मारून पक्की केलेली असल्यामुळे सावधानरावांचं डोकं हळूहळू गुडघ्यांकडे जाऊ लागलं.

त्यातच ओहोटीचा जोर वाढला. बाजूला बांधलेल्या नांगराने नाव आडवी खेचली आणि कड पाण्याला टेकली. पुढची लाट थेट मांडीवर आली. ते पाणी इतकं गार होतं की सावधानरावांची बोबडी वळली. नांगराची दोरी कापायला हवी, हे त्यांना कळत होतं. सुरी होती, पण अपघात होऊ नये म्हणून तिच्या म्यानावर त्यांनीच चिकटपट्टीचे सहा वेढे दिले होते. ते दातांनी सोडवले. समोर चार दोऱ्या एकमेकींत गुंतल्या होत्या आणि चारही लाल होत्या. त्यांनी डोळे मिटून एक कापली.

वल्हं शांतपणे निघून गेलं.

दुसरी कापली ती नांगराची निघाली. नाव एकदम सरळ झाली, हलकी झाली, आणि ओहोटीबरोबर पिंपाला वळसा घालून भर समुद्राकडे चालू लागली. आता सावधानराव खरोखर घाबरले. आतापर्यंतची भीती ही भीतीची रंगीत तालीम होती. किनाऱ्यावरची माणसं बोटाएवढी झाली. त्यांत निळ्या पोशाखातली बायको होती. आपण बुडालो तर ती उद्या चहा कोणासाठी गाळणार, असा विचार मनात आला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि जिवाच्या आकांताने तीन वेळा वाजवली. लांब, लांब, लांब.

किनाऱ्यावर बेचाळीस माणसं ताडकन उभी राहिली. सावधानरावांना हायसं वाटलं. माणसांनी हातातल्या बशा खाली ठेवल्या. ती न धावता बसच्या दिशेने चालू लागली. बसजवळ त्यांनी खात्यानुसार रांगा लावल्या आणि पॅकिंगचा सुपरवायझर डोकी मोजू लागला.

“अरे, इकडे!” सावधानराव ओरडले. रांग हलली नाही. त्यांनीच शिकवली होती.

गळ्यातल्या पिशवीत फोन वाजला.

“साहेब, एक माणूस कमी आहे,” सुपरवायझर म्हणाला.

“कोण?”

“तुम्ही, साहेब.”

“मी वाहून चाललोय! कोणाला तरी पाठव!”

“बरं साहेब. वाहून चाललेत असं लिहितो. मागच्या वेळी धुरात अडकला होतात.”

“अरे, ही ड्रिल नाही! खरं आहे!”

“अगदी हुबेहूब, साहेब. मॅनेजरसाहेबांना स्पीकरवर ऐकवतोय.”

“तू ये! तू पोहतोस ना? रांग मोड आणि ये!”

“साहेब, एकदा फसलो मी,” सुपरवायझर दुखावलेल्या आवाजात म्हणाला. “अजून मेमो आहे फाइलला.” फोन बंद झाला.

सावधानरावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा निळा पोशाख किनाऱ्यावर नव्हता. ती पाण्यावर होती. दुसऱ्या कयाकमध्ये बसून बायको येत होती, आणि सरळ त्यांच्या रोखाने न येता तिरकी, प्रवाहाचा अंदाज घेत. वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आवाज न करता पाण्यात जात होतं. सावधानरावांना आपल्या जिवाचा विसर पडला.

“जॅकेट! अगं, जॅकेट घातलंस का?”

“घातलंय. गप्प बसा आणि ही दोरी पकडा,” ती जवळ येत म्हणाली. तिने त्यांच्या नावेचं टोक आपल्या नावेला बांधलं, त्यांच्या डोक्यावरची टोपी सोडवली, गुंता उचलून काठी वर ओढली आणि तिला लागलेला वीतभर मासा ओल्या फडक्यात धरून गळावेगळा केला. हे सगळं चार मिनिटांत. मग ती किनाऱ्याकडे वल्हवू लागली.

सावधानराव मागे बसून तिच्या पाठीकडे बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, “किती दिवस?”

“वर्ष होईल.” तिने मागे वळून बघितलं नाही. “गुरुवारी आमचा दातांचा दवाखाना बंद असतो. त्या वेळी तुमची सेफ्टी कमिटीची मीटिंग असते.”

“दर गुरुवारी?”

“एक-दोन चुकले असतील.”

“तो जोराच्या वाऱ्याचा गुरुवार होता, आपल्या खिडकीची काच फुटली होती...”

“त्या दिवशी लाटा होत्या खऱ्या,” ती म्हणाली.

सावधानरावांनी आठवून बघितलं. त्या गुरुवारी ते मीटिंगमध्ये पायपुसणं घसरू नये म्हणून काय करावं यावर बोलत होते. चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली होती. एकदम निवांत होते. आणि ही इथे होती. मग त्याच्या आधीचा गुरुवार आठवला, मग नंतरचा, आणि पन्नास गुरुवारांची न वाटलेली भीती सावधानरावांना एका दमात वाटायला लागली. नाव किनाऱ्याकडे चालली होती, धोका टळला होता, आणि ते मघापेक्षा जास्त कापत होते.

“मग मला विचारलंस कशाला? जातच होतीस की.”

“चोरून जायचा कंटाळा आला. एकदा हाताएवढा मासा लागला, तर पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं. आणि तुम्हालाच सांगता येईना.” तिने वल्हं दुसऱ्या बाजूला घेतलं. “तुम्ही झोपला नसता हो वर्षभर.”

किनाऱ्यावर रांगा अजून तशाच उभ्या होत्या. मॅनेजरसाहेब हातात घड्याळ घेऊन पुढे आले. “तीन मिनिटं दहा सेकंद! आजवर पाचच्या खाली आलो नव्हतो आपण. आणि वहिनींना वाचवायला पाठवायची कल्पना तर झकासच!” टाळ्या पडल्या. सावधानरावांनी ओल्या कपड्यांतच मान झुकवून त्या स्वीकारल्या. खरं सांगण्याइतकं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं.

गर्दी पांगल्यावर बायकोने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. “बोला. पास की नापास? ठरल्याप्रमाणे. नापास म्हणालात तर मी खरंच बंद करीन.”

ती खरं बोलत होती, हे त्यांना बावीस वर्षांच्या अनुभवाने कळलं. एक शब्द, आणि पुढचे सगळे गुरुवार ती जमिनीवर. सावधानरावांनी तोंड उघडलं. मघाशी वल्हवताना तिची पाठ किती ताठ आणि मोकळी दिसत होती, ते त्यांना आठवलं. घरात ती अशी कधी दिसली नव्हती.

“जा,” ते म्हणाले. “पण सांगून जात जा. निघताना सांग, आल्यावर सांग. मला त्या त्या वेळी घाबरू दे. असं वर्षभराचं एकदम नाही झेपत मला.”

पुढच्या गुरुवारी सेफ्टी कमिटीची मीटिंग नेहमीप्रमाणे दहाला सुरू झाली. सव्वादहाला सावधानरावांच्या फोनवर निरोप आला, ‘निघाले’. त्यांनी तो दोनदा वाचला, चहा बाजूला सारला, चष्मा पुसला आणि दुपारी साडेबारापर्यंत मनापासून घाबरून बसले.